न चाखलेलं बटाट्याचं सूप

'तुमच्या सेवाकाळातले हृद्य अनुभव लिहून पाठवा,' असं अंकाच्या संपादकबाईंनी कळवलं आहे. हृद्य अनुभव माझ्याकडे फारसे नाहीत. डोक्याला ताप देणारे मात्र पोत्यानं आहेत. तेव्हा तेच लिहिते, छापायचे तर छापा.

सोलापुरातल्या एका खासगी रुग्णालयाचं स्वयंपाकघर मी तीस वर्षं सांभाळलं. निवृत्त झाल्यावर बायका नातवंडं सांभाळतात, भजनी मंडळात जातात. मी लोकांच्या घरी जाऊन बटाट्याचं सूप शिकवते. हे ऐकून माझे थोरले दीर इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यात हसण्यासारखं काय आहे ते मला अजून समजलेलं नाही. पुरणपोळी शिकवते म्हटलं असतं तर कुणी हसलं नसतं.

गोष्ट अशी असते. पेशंटला घरी सोडताना डॉक्टर सांगतात, 'मऊ, दाटसर आणि पौष्टिक द्या.' तीन शब्दांतला पहिला तेवढा नातेवाइकांच्या कानात शिरतो. मग घरी गेल्यावर पेज, मुगाचं पाणी, शहाळं आणि चहात बुडवलेलं बिस्कीट यांवर माणूस वाळत जातो. पंधरा दिवसांनी तपासणीला आणतात तेव्हा कपडे हँगरला अडकवल्यासारखे दिसतात. म्हणून आमच्या डॉक्टरांनी काही घरी मला पाठवायला सुरुवात केली, आणि मी बटाटा धरला. बटाटा बाराही महिने मिळतो, गरिबाला परवडतो, त्याला वास नाही, रेशे नाहीत, आणि तो आवडत नाही असा माणूस मला अजून भेटलेला नाही.

कृती साधी आहे आणि सगळी भांडणं त्या साधेपणातूनच होतात. बटाटे जुने घ्यायचे, नवे चिकट होतात. सोलून, मोठ्या फोडी करून, त्या बुडतील एवढ्याच पाण्यात शिजवायच्या. अर्धा कांदा आणि लसणाची एक पाकळी लोण्यावर पारदर्शक होईपर्यंत परतून त्यात टाकायची, लाल करायची नाही. फोडी बोटानं मोडल्या की सगळं गरम असतानाच पुरणयंत्रातून काढायचं. मिक्सर लावायचा नाही. हे मी वहीत लिहून देते, त्याखाली दोन रेघा मारते, तरी दहांतली आठ घरं मिक्सर लावतात. बटाटा मिक्सरच्या पात्याखाली गरागरा फिरला की त्याचं सूप होत नाही, खळ होते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत सुताला लावतात तीच. त्यावर चादर विणा, पेशंटला देऊ नका. तर पुरणयंत्रातून काढलेला बटाटा मंद आचेवर ठेवून त्यात दूध आणि फेटलेली साय हळूहळू घालायची, ढवळत राहायचं, आणि अगदी शेवटी मीठ आणि चिमूटभर मिरपूड. मीठ आधी घातलं तर आटता आटता खारट होतं. एवढंच. बारा वर्षांच्या पोरीला जमेल.

पण नाही जमत. एका घरी सासऱ्यांचे सगळे दात काढले होते म्हणून बोलावलं. सूनबाई चांगली शिकलेली, म्हणाली, 'क्रीमी पोटॅटो सूप ना? मोबाईलवर बघितलंय मी.' मी कृती सांगून आले. दुसऱ्या दिवशी जाऊन बघते तर पातेल्यात मोहरी तडतडून बसलेली, कढीपत्ता तरंगतोय, हळद, काळा मसाला, आणि दाटपणा यावा म्हणून वाटीभर शेंगदाण्याचं कूट. मी विचारलं, 'हे काय?' ती म्हणाली, 'नुसतं पांढरं कसं द्यायचं? घरात कुणी वारलंय का?' सासरे आतून ओरडले, 'आमटी झकास झाली बरं का! आता ते सूप कधी देताय?'

दुसरी गोष्ट मला हसून सांगता येत नाही. टेंभुर्णीच्या एका म्हातारीला अर्धांगवायू झाला होता. अशा आजारात घशाचे स्नायू ढिले पडतात. पातळ काही दिलं तर ते धावत जातं आणि अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत शिरतं. दाट असलं तर ते सावकाश सरकतं, घशाला तयारी करायला वेळ मिळतो. म्हणून सूप कसं हवं, तर चमचा कलता केल्यावर गोळा घसरावा, धार लागू नये. हे मी तिच्या लेकाला तीनदा सांगितलं, करून दाखवलं. त्यानं तीनदा मान डोलावली. मी सोलापूरच्या एसटीत बसेपर्यंत त्यानं आईला गिळायला सोपं जावं म्हणून त्यात तांब्याभर पाणी ओतलं होतं. म्हातारीच्या छातीत ते उतरलं आणि ती आठ दिवस पुन्हा दवाखान्यात पडली. वाचली, पण त्यात तिची काही पुण्याई असणार. लेक मला म्हणाला, 'आमी तर चांगल्यासाठीच केलं की मॅडम.'

त्या दिवसापासून माझा आवाज चढला तो उतरला नाही. पेशंटच्या घरात शिरल्या शिरल्या मी दम देते. माझ्या पद्धतीत तसूभर बदल करायचा नाही, वाद घालायचा नाही, काही विचारायचं नाही. मला वाटायचं, याचाच उपयोग होतो. लोक माझ्यापुढे चूं करत नाहीत याचा मला अभिमानही होता.

आणखी एक अभिमान होता, तोही सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे घडलं. मी चाखत नाही. माझ्या माहेरी रोज देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय पानं वाढत नसत आणि नैवेद्याच्या आधी कुणी जिभेवर कण ठेवला तर आई उलथनं घेऊन मागे लागायची. चाखलेलं ते उष्टं. मीठ बोटांना कळलं पाहिजे, वासाला कळलं पाहिजे, असं आई म्हणायची, आणि मला ते कळायचंही. रुग्णालयात दोनशे माणसांच्या आमटीला मी न चाखता मीठ घातलं आहे आणि कधी तक्रार आली नाही. पेशंटच्या वाटीतलं चाखणं तर डोक्यातही येणं शक्य नव्हतं. नव्या मुली चमचा तोंडात घालून बघायला लागल्या की मी म्हणायचे, 'स्वयंपाक करायला आलीस की जेवायला?'

आता अण्णांची गोष्ट.

अण्णा अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते. यंत्रमाग बिघडला की तो दुरुस्त करून लावून देणारा माणूस म्हणजे जॉबर. त्यांची बायको सुभद्राबाई सांगायची, शेडमध्ये चोवीस माग एकदम खडखडत असले तरी त्यातला कुठला चुकतोय हे अण्णा दारातूनच कानानं ओळखायचे. वय अठ्ठावन्न. एका सकाळी सायकलवर टांग टाकता टाकता कोसळले. उजवं अंग गेलं, वाचा गेली. समजत सगळं होतं, पण शब्द तोंडातून निघत नव्हता आणि अक्षरं लिहिताही येत नव्हती. मी गेले तेव्हा दीड महिना झाला होता, आणि तो सगळा दीड महिना त्यांचं जेवण नाकातल्या नळीतून जात होतं.

डॉक्टरांनी मला आधीच स्पष्ट सांगितलं होतं. घसा थोडा सुधारलाय, तपासून पाहिलंय. दहा दिवस तोंडानं सूप देऊन बघा. पुरेसं खाल्लं तर नाकातली नळी काढू. नाही खाल्लं, तर नाकातली नळी कायमची ठेवता येत नाही, पोटाला छिद्र पाडून तिथून नळी बसवावी लागेल. एकदा ती बसली की तोंडानं खाण्याचं घरचे मनावर घेत नाहीत, हे डॉक्टरांनाही माहीत होतं आणि मलाही. त्यांनी दर पेशंटला देतात तसा एक कागद दिला. त्यावर रोज मी लिहायचं, पेशंटनं किती खाल्लं.

पहिल्या दिवशी सूप मी स्वतः केलं. सुभद्राबाई शेजारी उभी राहून बघत होती. पन्नाशीची, काटक, डोक्यावरून पदर घेतलेली बाई. मूळची मंगळवेढ्याकडची. तिनं एकही प्रश्न विचारला नाही, त्यामुळे माझं तिच्याविषयी फार चांगलं मत झालं. मी दूध घातलं, साय घातली, शेवटी मीठ टाकून ढवळलं. ती जरा मागे सरकली. मला वाटलं, वाफ लागली असेल.

अण्णांना उशा लावून ताठ बसवलं, हनुवटी थोडी खाली. लहान चमचा. एक चमचा दिल्यावर गळ्याकडे बघत राहायचं. घाटी वर जाऊन खाली आली, म्हणजे गिळलं, की मगच दुसरा. अण्णांनी पहिला चमचा तोंडात घेतला आणि डोळे मिटले. बराच वेळ गिळलाच नाही, नुसता जिभेवर धरून बसले. मग गिळला. असे सहा चमचे झाले, मग दमले. मी कागदावर लिहिलं, 'सहा चमचे.' पहिल्या दिवशी एवढं म्हणजे खूप झालं. सुभद्राबाईला म्हटलं, 'आता रोज तू कर. मी दुपारी येऊन भरवीन. काही कमीजास्त करायचं नाही, समजलं?'

'व्हय,' ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी गेले. सूप तयार होतं. चमचा कलता केला, सुरेख गोळा घसरला. कोमटही बरोबर. पुरणयंत्र धुवून पालथं घातलेलं दिसलं तेव्हा मला त्या बाईला मिठी मारावीशी वाटली. अण्णांनी पहिला चमचा घेतला, गिळला, आणि माझ्याकडे बघितलं. दुसऱ्याला तोंड बंद. मी थांबले, पुन्हा दिला. बंद. पाऊण तास मी त्या माणसासमोर चमचा धरून बसले. कागदावर लिहिलं, 'रुग्ण खाण्यास नकार देतो.'

तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी चमचा बदलला, वेळ बदलली, उशा बदलल्या. खिडकीकडे तोंड करून बसवलं. सुभद्राबाईला खोलीबाहेर घालवलं, मग आत बोलावलं. पाचव्या दिवशी मी गोड बोलून पाहिलं, जे मला फारसं जमत नाही. ते डाव्या हातानं स्वयंपाकघराकडे दाखवायचे. आम्ही समजलो, पाणी मागताहेत. पाणी तर द्यायचंच नव्हतं. मी म्हणायचे, 'पाणी नाही अण्णा, आधी हे संपवा.' ते मान भिंतीकडे वळवायचे.

सहाव्या दिवशी माझा तोल गेला. दुपारचं ऊन, दोन रिक्षा बदलून आलेली, घरी माझे गुडघे आणि नवरा दोन्ही कुरकुरताहेत, आणि हा माणूस लहान पोरासारखा दातखीळ बसवून पडलेला. मी म्हटलं, 'अण्णा, पोटाला भोक पाडतील! जन्मभर नळीनं जेवायचंय का? बायको सकाळपासून राबते तुमच्यासाठी, तिची तरी दया येऊ द्या. इतका हट्टी पेशंट मी तीस वर्षांत पाहिला नाही!' अण्णांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी तेही मनावर घेतलं नाही. लकवा झालेल्या माणसांना लवकर रडू येतं, असं आम्हाला शिकवलेलं असतं. माहिती असली की माणसाला कसं सोयीचं पडतं बघा. कागदावर पुन्हा तेच वाक्य.

सुभद्राबाई मला दारापर्यंत सोडायला आली. म्हणाली, 'ताई, खरंच भोक पाडतील का वो?'

मी म्हटलं, 'मग काय पूजा घालतील? तो खातच नाही त्याला मी काय करू?'

ती पदराचं टोक तोंडात धरून उभी राहिली.

सातव्या दिवशी डॉक्टरांना फोन केला. म्हटलं, 'मी हात टेकले. घसा चालतो, पहिला चमचा रोज गिळतो, पण पेशंटची इच्छाच नाही.' ते म्हणाले, 'तुम्हीच असं म्हणता तर मग अवघड आहे. दहाव्या दिवशी आणा, पुढचं ठरवू.' माझ्या शब्दाला तिथं एवढी किंमत होती. आज ते आठवलं की अंगावर काटा येतो.

आठव्या दिवशी मी केवळ कागद पूर्ण करायचा म्हणून गेले. भरवायला बसले. पहिला चमचा पुढे केला. अण्णांनी तो घेतलाच नाही. डावा हात उचलला आणि माझ्या हातातला चमचा धरला. मला वाटलं, आता हा भिरकावणार. पण त्यांनी तो वळवला आणि माझ्या तोंडासमोर धरला.

मी मागे सरकले. 'हे काय अण्णा? मला नको, तुम्ही खा.'

त्यांनी हात आणखी पुढे केला. सूप माझ्या साडीवर ठिबकत होतं. सुभद्राबाई दारातून धावली, 'अवो, काय करताय, ताईंची साडी!' त्यांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्याकडेच बघत राहिले. तीस वर्षांत पेशंटच्या वाटीतलं मी चाखलं नव्हतं. पेशंटच्या चमच्यातून तर नाहीच. पण ती नजर विनवणीची नव्हती, एखाद्या नवशिक्या पोराला बिघडलेला माग दाखवून 'ऐक, ऐकू येतंय का?' असं विचारणाऱ्या उस्तादाची होती. मी तोंड उघडलं.

आळणी. ठार आळणी. दुधाचा गुळमट वास असलेला, मऊ, बुळबुळीत, चव नावाची गोष्ट नसलेला लगदा. माझ्याच्यानं तो गिळवेना. आणि मी तो त्या माणसापुढे रोज पाऊण तास धरून बसत होते. वर दया आणि हट्टाच्या गोष्टी सांगत होते.

'सुभद्राबाई,' मी म्हटलं, 'मीठ?'

ती जमिनीकडे बघायला लागली.

'मीठ विसरलीस आज?'

'न्हाय.'

'मग?'

'दुधात मीठ कसं घालायचं वो ताई?' ती म्हणाली. 'तुमी त्या दिशी घातलं तवा माझ्या काळजात धस्स झालं. दूध-मीठ एका ठिकानी आलं की कोड उठतं की. आदीच त्येंचं अंग गेलंय, त्यात आनखी...'

आता तुमच्यापैकी निम्म्या बायका मनात म्हणत असतील, खरंच आहे की. दूध आणि मीठ एकत्र खायचं नाही, हे आपल्याकडे पाळण्यापासून कानावर येतं. माझ्या आईनंही सांगितलं होतं. दवाखान्याच्या स्वयंपाकघरात गेल्यावर मी ते विसरले, कारण तिथं काय घालताय हे विचारायला कुणी यायचं नाही. मी विसरले म्हणजे सगळ्या जगानं विसरावं अशी माझी समजूत होती.

मी तिथल्या तिथं व्याख्यान सुरू केलं. कोड खाण्यानं होत नाही, तो संसर्गाचा रोग नाही, त्याचा दुधाशी आणि मिठाशी काडीचा संबंध नाही. ती ऐकत होती. मधून मधून 'व्हय' म्हणत होती. आणि तिच्या 'व्हय'चा अर्थ मला त्या दिवशी पहिल्यांदा कळायला लागला होता.

मी थांबल्यावर तिनं सांगितलं, 'माझ्या धाकट्या भैनीला उठलं. पंधरा वर्सांची व्हती. दूध-भाकरीत मीठ टाकून खायची, लई आवड तिला. समदी म्हनली, त्यानंच झालं. आई जलमभर सोताला दोष देत मेली. भैनीचं लगीन झालंच न्हाय. आजून मंगळवेढ्याला भावाकडं हाय. कुनाच्या पंगतीला बसत न्हाय, कुनी बसवून बी घेत न्हाय. तुमी सांगताय ते खरं आसंल ताई. पर माझ्या हातनं न्हाय व्हायचं ते.'

त्या बहिणीचं कोड दुधामिठानं झालं नव्हतं, आणि तिचं आयुष्य मोडलं ते लोकांनी, हे मला माहीत होतं. ते मी नंतर तिला पुष्कळदा सांगितलं. पण त्या घडीला माझ्या तोंडून भलताच प्रश्न निघाला.

'मग मला सांगितलं का नाहीस आठ दिवस?'

तिनं वर बघितलं. 'तुमी लई वरडता की.'

अण्णांनी घशातून एक आवाज काढला. हसले की काय कोण जाणे. मला तरी ते हसल्यासारखंच वाटलं.

मी पलंगाच्या कडेवर बसून राहिले. दीड महिन्यानंतर त्या माणसाच्या जिभेला पहिल्या दिवशी मीठ लागलं होतं. म्हणून तो पहिला चमचा तोंडात धरून बसला होता. आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बायकांनी मिळून ते काढून घेतलं, एकीनं भीतीपोटी आणि दुसरीनं तोऱ्यापोटी. तो रोज पहिला चमचा घेत होता, कारण आज तरी असेल असं त्याला वाटत होतं. हे मनात आल्यावर मला रडूच कोसळलं. सुभद्राबाई घाबरली, तिला वाटलं तिच्यावर रागावले.

शेवटी वाट तिनंच काढली. मी दूध कसं टाळायचं, मग सूप मलईदार कसं होणार, ताकद कुठून येणार असं बडबडत होते. ती म्हणाली, 'लोन्यात मीठ चालतंय की ताई. भाकरीवर लोनं अन् मीठ आमी रोज खातो.'

ऐका. तीस वर्षं या धंद्यात काढली. किती पुस्तकं वाचली, किती पथ्याचे तक्ते पाठ केले. आणि दुधाऐवजी लोणी वाढव हे मला एका बाईनं चुलीपाशी उभं राहून सांगावं लागलं! मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. आम्ही दोघींनी तिथंच पुन्हा सूप केलं. बटाट्याबरोबर मूठभर मुगाची डाळ गाळ होईपर्यंत शिजवली, म्हणजे दुधाची ताकद भरून निघावी. दोन्ही पुरणयंत्रातून काढलं. बटाटे शिजवलेलं पाणी टाकून न देता बेताबेतानं तेच घातलं, आणि वर भरपूर ताजं लोणी टाकून रवीनं हलक्या हातानं घुसळलं. दुधाच्या सुपाहून ते जास्त मलईदार झालं, हे मान्य करायला मला त्रास होतो पण खरं आहे. मीठ मी बोटांच्या अंदाजानं घातलं. मग चमचा घेतला आणि चाखलं.

जरासं कमीच होतं. आणखी चिमूटभर घातलं.

अण्णांनी ती वाटी संपवायला एक तास लावला. मी त्यांच्या गळ्याकडे बघत होते, घाटी वर, खाली, पुढचा चमचा. सुभद्राबाई त्यांच्या तोंडाकडे बघत होती. मध्येच एकदा त्यांनी थांबायची खूण केली, दम घेतला आणि पुन्हा तोंड उघडलं. वाटी रिकामी झाली तेव्हा त्यांनी डाव्या हाताचं बोट वाटीत फिरवून चाटलं. मी ओरडणार होते, असं बोटानं खायचं नाही म्हणून. नाही ओरडले. नवव्या दिवशी दोन वाट्या झाल्या. दहाव्या दिवशी सकाळी एक वाटी खाऊनच ते दवाखान्यात आले.

डॉक्टरांनी कागद हातात घेतला. तरुण आणि हुशार मुलगा आहे, त्याच्या लगेच लक्षात आलं. 'सहा चमचे. मग सहा दिवस नकार. मग एकदम पूर्ण वाटी. औषध तर आपण बदललं नव्हतं. आठव्या दिवशी काय झालं, मॅडम?'

सुभद्राबाई माझ्या मागे उभी होती. 'पेशंटची हळूहळू प्रगती झाली' असं म्हटलं असतं तर कुणी काही विचारलं नसतं, उलट माझंच कौतुक झालं असतं. मी डॉक्टरांच्या टेबलावरचं पेन उचललं. 'रुग्ण खाण्यास नकार देतो' या सहा ओळींवर एकेक करून रेघ मारली. बाजूला लिहिलं, 'सूप आळणी होते. मी चाखले नाही.' आणि खाली सही केली.

डॉक्टरांनी ते वाचलं, माझ्याकडे बघितलं, आणि नर्सला हाक मारून नळी काढायला सांगितली.

नळी निघाली तेव्हा अण्णा शिंकले. सुभद्राबाई रडत होती आणि हसत होती. मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. दूध, साय आणि शेवटी मीठ ही कृती मी किती घरी शिकवली असेल? किती जणींनी माझ्यापुढे मान डोलावली आणि माझी पाठ वळल्यावर मिठाचा डबा बंद केला असेल? त्या घरांतल्या माणसांच्या कागदांवरही माझ्याच अक्षरात तेच वाक्य आहे. त्यातल्या काहींच्या पोटाला नळी बसली. काही गेली. ते कागद दवाखान्यानं केव्हाच रद्दीत घातले, आणि त्यांच्या वाटीत मीठ होतं का, हे विचारायचं म्हटलं तर विचारणार कुणाला?